गोळी कोण कोण घेतं?

पांढरा कोट घातलेली पोरंपोरी हाती वही घेऊन खेड्यातल्या गल्लीत फिरताना दिसली, तर ती शिरगणतीची माणसं समजू नका. ते उद्याचे डॉक्टर आहेत. राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ साली एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात कुटुंब दत्तक योजना आणली. पहिल्या वर्षापासून खेड्यातली काही घरं आपली मानायची, शिक्षकांसोबत तिथं जायचं, वजन, रक्तदाब पाहायचा आणि पुढंही त्याच घरांवर लक्ष ठेवायचं. धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आधीपासून होतं, जळगावला ते २०१८ साली सुरू झालं. त्यामुळं आपल्या खानदेशात ही मुलं आता दिसणारच.

कल्पना जुनी आहे. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय काढलं. तिथं प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, मुलं त्या गावात मुक्कामाला राहतात. अमेरिकेत तर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थीच गरिबांसाठी मोफत दवाखाने चालवतात.

आता कोणी म्हणेल, गरिबाजवळ गेलं की माया आपोआप येते. तसं नाही. फिलाडेल्फियाच्या जेफरसन महाविद्यालयातले होजत आणि त्यांचे सहकारी यांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांची सहानुभूती पहिली दोन वर्षं टिकून होती. तिसऱ्या वर्षी, म्हणजे मुलं रुग्णांत वावरू लागतात नेमकी तेव्हाच, ती घसरली. वॉर्डात रोगी खाटेवर पडलेला असतो आणि आपण उभे असतो. रोग्याच्या घरी आपण पाहुणे असतो, 'बस बेटा' म्हटल्यावर बसायचं असतं. फरक इथं पडतो.

आमच्या मोहल्ल्यातली एक मुलगी डॉक्टरकी शिकते. तिच्या वाट्याच्या घरात रक्तदाबाची एक म्हातारी होती. केसपेपरवर शेरा होता, 'औषध नियमित घेत नाही'. पहिल्या दोन खेपांना हिनंही तोच शेरा उतरवला. तिसऱ्या खेपेला चहा झाला, गप्पा झाल्या, आणि म्हातारीनं कोनाड्यातला डबा काढून दाखवला. आत अर्ध्या अर्ध्या मोडलेल्या गोळ्या. अर्धी हिची, अर्धी म्हाताऱ्याची! त्यालाही तोच आजार, पण दवाखान्यात जायचं तर दोघांची मजुरी आणि दोघांचं एस.टी.भाडं. म्हातारी नियमितच घेत होती हो, अगदी रोज. फक्त अर्धी. ती मुलगी आता 'गोळी घेता का' असं विचारत नाही, 'गोळी कोण कोण घेतं' असं विचारते. शब्दांशी खेळणारा माणूस मी. एका प्रश्नातला एवढा फेरफार मला मोलाचा वाटतो.

भाषेचंही तसंच. कुणी अहिराणीत 'पोटमा दुखस' म्हणेल, आमच्याकडची बाई 'जी घबराता है' म्हणेल. ही घबराहट रक्त कमी असल्याची असेल, हृदयाची असेल, नाहीतर सावकाराचीही असेल. उंबरठ्यावर निवांत बसल्याशिवाय कळत नाही.

माझा एक आग्रह आहे. गरिबाचं घर म्हणजे गिरवायची पाटी नव्हे. मुलगा शिकून पुढं गेला आणि म्हातारी तिथंच राहिली, असं होऊ नये. रक्तदाब वाढलेला दिसला तर नोंद करून थांबू नये, माणसाला दवाखान्यापर्यंत पोचवावं. त्या म्हाताऱ्याचा स्वतंत्र केसपेपर निघावा. आणि तुकडी बाहेर पडताना तिनं आपली घरं नव्या मुलांकडं नावानिशी सोपवावीत. त्या नव्या मुलांना सोबत घेऊन एकदा त्या दारात जाऊन यावं.