वाऱ्याच्या युनिटाचा हिशेब

(रहिमतपूर येथे कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



आपल्या जिल्ह्यात वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर 1990 नंतरच्या दशकाअखेरीस पवनचक्क्यांची रांग उभी राहिली. तिचे कौतुक आजही मेगावॉटांत होते. वीज कंपनीला या आकड्याचा उपयोग थोडाच. एक मेगावॉटचे यंत्र अखंड चालले तर वर्षाला 87.6 लाख युनिटे देईल. 20 टक्के क्षमतेने चालले तर साडेसतरा लाख. तीही केव्हा? पठारांवरचा जोराचा वारा मुख्यतः जून ते सप्टेंबर. त्या दिवसांत आपल्या विहिरीवरचा पंप बहुधा बंदच असतो.

तेव्हा या युनिटाची किंमत त्याने कोणता खर्च वाचविला यावर ठरली पाहिजे. औष्णिक केंद्रातला कोळसा वाचतो, हे खरे. केंद्र बांधण्याचा खर्च मात्र फारसा वाचत नाही. वारा पडला की संध्याकाळची मागणी त्यालाच भागवावी लागते.

पण आपल्याकडे कोयना आहे, आणि येथे हिशेब बदलतो. कृष्णा लवादाने कोयनेतून वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्यावर वर्षाला 67.5 अब्ज घनफुटांची मर्यादा घातली आहे. जुलैत वाऱ्याची वीज घेऊन त्या वाट्यातले पाणी राखले, तर तेच पाणी एप्रिलच्या तलखीत, मागणीच्या ऐन तासाला चालविता येते. चौथ्या टप्प्यातील 1000 मेगावॉटची यंत्रे त्यासाठीच आहेत. असे राखलेले युनिट कोळशाच्या बचतीहून मोलाचे. धरणच न भरणाऱ्या वर्षी हे गणित अर्थातच कोलमडते.

आपल्या धोरणाने हा विचार केला काय? आरंभी यंत्राच्या किमतीवर पहिल्याच वर्षी 100 टक्के घसारा मिळे. 2002 मध्ये तो 80 आणि 2017 पासून 40 टक्के झाला. म्हणजे सवलत यंत्र उभारण्याला. ते फिरते की नाही, हे विचारणारे कोणी नव्हते! प्रत्यक्ष निर्मितीवर युनिटमागे 50 पैसे देण्याची केंद्राची योजना 2009 मध्ये आली. राज्य नियामक आयोगाने 2003 मध्ये नव्या प्रकल्पांना पहिल्या वर्षी साडेतीन रुपये आणि दरवर्षी 15 पैसे वाढ असा दर ठरविला. मध्यरात्रीचे युनिट आणि संध्याकाळचे युनिट एकाच भावाने! घसाऱ्याचा लाभ नफा कमावणाऱ्यांना, दराचा भार सर्व ग्राहकांच्या बिलात.

वाऱ्याला विरोध करण्याचे आपल्याला कारण नाही. कोणत्या महिन्यात, कोणत्या तासाला किती वीज आली आणि तिच्यामुळे कोयनेचे किती पाणी राखले गेले, हा तक्ता वीज कंपनीने दरमहा लोकांसमोर ठेवावा, ही मागणी आपण तालुक्या-तालुक्यांतून लावून धरली पाहिजे. दरवाढीच्या सुनावणीला जाताना तोच तक्ता आपल्या हाती हवा.