जोडकार्डाची ओळख

(देवळाली प्रवरा व परिसरातील प्राथमिक शिक्षकांकरिता तयार केलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. त्या धरणात पाणी आहे, कालवाही वाहतो आहे, आणि तरीही एखाद्या शेतकऱ्याचे वाफे कोरडेच राहिले आहेत, असा प्रसंग प्रवरेच्या काठी नवा नाही. अशा वेळी जाणता शेतकरी धरणास दोष देत बसत नाही. तो कालव्यावरून चारीवर आणि चारीवरून आपल्या दारापर्यंत चालत येतो, आणि पाणी नेमके कोठे अडले ते पाहतो. शाळेच्या संगणकात बसविलेले नवे कार्ड लिनक्स प्रणालीस 'दिसत नाही', अशी तक्रार येते, तेव्हा याच रीतीने चालत जावे लागते.

प्रसंग साधारणपणे असा असतो. संगणक जुना झालेला असतो. त्याच्या मुख्य पाटीवरील हार्ड डिस्क जोडण्याच्या जागा भरलेल्या असतात किंवा विजेच्या चढउताराने निकामी झालेल्या असतात. मग बाजारातून एक कंट्रोलर कार्ड आणून ते मुख्य पाटीच्या खाचेत बसवितात व त्यास डिस्क जोडतात. संगणक सुरू होतो, परंतु डिस्क दिसत नाही. येथे दोन सल्ले हमखास मिळतात. कार्ड लिनक्सला चालत नाही, हा पहिला. डिस्क फॉरमॅट करावी, हा दुसरा. पहिला सल्ला बहुधा घाईचा असतो. दुसरा मात्र घातक आहे. त्या डिस्कवर जनरल रजिस्टरच्या जीर्ण पानांची छायाचित्रे असू शकतात. चाळीस वर्षांपूर्वी शाळा सोडलेला मनुष्य जन्मतारखेच्या दाखल्यासाठी दारात उभा राहतो, तेव्हा फाटलेल्या पानाऐवजी तीच छायाचित्रे उपयोगी पडतात. न दिसणारी डिस्क रिकामी असते असे नाही. आणि फॉरमॅट केल्याने न दिसणारे कार्ड दिसू लागत नाही.

कार्डास ओळख कशी मिळते, हे प्रथम समजून घ्यावे. पीसीआय पद्धतीच्या प्रत्येक कार्डात दोन अंक कोरलेले असतात: एक चिप बनविणाऱ्याचा, दुसरा त्या चिपेचा. प्रत्येक अंक चार चिन्हांचा, आणि त्या चिन्हांत शून्य ते नऊ यांखेरीज ए ते एफ ही रोमन अक्षरेही येतात. एसमीडिया या कंपनीचा अंक एक-बी-दोन-एक, मार्व्हेलचा एक-बी-चार-बी, जुन्या सिलिकॉन इमेजचा एक-शून्य-नऊ-पाच. खोक्यावर छापलेले नाव व्यापाऱ्याचे असते, आणि एकाच नावाच्या दोन खोक्यांत दोन निराळ्या चिपा निघतात. म्हणून खोक्यावर विश्वास ठेवू नये, अंकावर ठेवावा.

हा अंक पाहण्यासाठी टर्मिनल उघडून एल-एस-पी-सी-आय ही पाच रोमन अक्षरे लहान लिपीत सलग टंकावीत. पुढे एक जागा सोडून आडवी रेघ व तिला लागून एन-एन-के ही तीन अक्षरे द्यावीत. पडद्यावर येणाऱ्या यादीत नव्या कार्डाची ओळ शोधावी. ती ओळच नसेल, तर अडथळा कालव्याच्या तोंडाशीच आहे असे समजावे. कोणताही ड्रायव्हर बसवून मग काही साधणार नाही. संगणक बंद करून वायर काढावी, पेटीच्या धातूस हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी, कार्डाचे सोनेरी दात कोरड्या मऊ फडक्याने पुसून ते पुन्हा नीट दाबून बसवावे. तरीही न दिसल्यास खाच बदलून पाहावी. आपल्याकडील धूळ लक्षात घेता, खेड्यातील शाळेत अर्धा रोग येथेच बरा होतो असे म्हणण्यास हरकत नाही.

ओळ दिसते, परंतु तिच्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' हे शब्द नाहीत, तर कार्ड आले आहे पण त्यास कोणी पत्करलेले नाही, असा अर्थ होतो. लिनक्स प्रणालीचा गाभा, ज्यास कर्नल म्हणतात, कार्डास दोन प्रकारे पत्करतो. पहिला प्रकार हजेरीपटासारखा: ड्रायव्हरजवळ अंकांची यादी असते, आणि त्यात कार्डाचा अंक सापडला की काम झाले. दुसरा प्रकार अधिक उदार आहे. कार्ड आपल्या अंकाबरोबर आपला वर्गही सांगते. साटा डिस्क चालविणाऱ्या कार्डांसाठी एएचसीआय नावाचा सर्वमान्य करार आहे; तो पाळणारे कार्ड यादीत नसले तरी एएचसीआय ड्रायव्हर त्यास केवळ वर्गावरून आत घेतो. म्हणूनच आज मिळणारी बहुतेक साधी साटा कार्डे काहीही न करता चालतात. जुन्या चिपांचे असे नाही. सिलिकॉन इमेज ३११२ किंवा व्हीआयए ६४२१ यांना आपापले स्वतंत्र ड्रायव्हर लागतात. पण ते कर्नलबरोबरच येतात, तबकडी शोधत फिरावे लागत नाही. लायनस टोरव्हाल्ड्स यांनी १९९१ साली आरंभिलेल्या या कर्नलचा स्रोत उघडा आहे. बनविणाऱ्याने धंदा सोडला तरी त्याच्या कार्डाचा ड्रायव्हर पुष्कळदा पुढे वर्षानुवर्षे टिकतो, याचे कारण तेच होय.

ड्रायव्हर सापडत नसेल तर कर्नल फार जुना आहे काय ते पाहावे. सी-डॅक या संस्थेने २००७ साली प्रथम प्रसिद्ध केलेली बॉस प्रणाली किंवा उबुंटू, कोणतीही असो, तिची कित्येक वर्षांपूर्वीची आवृत्ती नव्या चिपेस ओळखणार नाही. नवी आवृत्ती पेन ड्राइव्हवरून न बसविता चालवून पाहता येते. डिस्कला धक्का न लागता निकाल कळतो.

कार्ड पत्करले गेले, तरी डिस्क नाही, असेही होते. तेव्हा डी-एम-ई-एस-जी ही आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने द्यावी. ती कर्नलची रोजनिशी दाखविते. तेथे 'साटा लिंक डाउन' असे आढळल्यास कार्ड निर्दोष असू शकते; डिस्कची वीज किंवा तिची वायर तपासावी. रेड प्रकारच्या महागड्या कार्डांचा प्रश्न निराळा आहे. ती डिस्का स्वतःच्या ताब्यात ठेवून गटाची मागणी करतात, आणि गट बांधताना जुना मजकूर जाऊ शकतो. शाळेने असे कार्ड घेऊच नये.

सर्वांत चकविणारा अडथळा असा. जी डिस्क नव्या कार्डास जोडली तिच्यावरच प्रणाली असेल, तर कार्डाचा ड्रायव्हर डिस्कवर आणि डिस्कला पोहोचण्यास ड्रायव्हर हवा, म्हणजे कोठीची किल्ली कोठीतच राहिली! यासाठी कर्नलबरोबर इनिटरामएफएस नावाची लहानशी शिदोरी आधीच उचलली जाते. आवश्यक ड्रायव्हर तिच्यात नसेल तर संगणक अर्ध्या वाटेवर थांबतो. डेबियन कुळातील प्रणालीत अपडेट-इनिटरामएफएस या आज्ञेने शिदोरी पुन्हा बांधता येते. मात्र ते काम डिस्क जुन्या जागी असतानाच उरकावे. त्याहून बरे म्हणजे प्रणालीची डिस्क मुख्य पाटीवर ठेवावी आणि केवळ संग्रहाची डिस्क कार्डास द्यावी. काही जुने संगणक जोडकार्डावरून सुरूच होत नाहीत, त्यामुळेही हीच मांडणी सोयीची.

डिस्क दिसू लागली की ती प्रथम केवळ वाचनासाठी उघडावी. माउंट आज्ञेस आर-ओ हे दोन अक्षरांचे कलम जोडले की लिहिणे बंद होते. मजकूर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावा. नव्या कार्डामुळे एसडीए, एसडीबी ही डिस्कांची नावे आलटूनपालटून येऊ शकतात. म्हणून कायमच्या नोंदीत ती नावे न वापरता डिस्कच्या भागाचा यूयूआयडी हा दीर्घ क्रमांक लिहावा. आणि जडसंग्रह नोंदवहीत कार्डाची नोंद करताना 'साटा कार्ड, १ नग' एवढ्यावर न थांबता त्याचे दोन्ही अंक आणि पत्करणाऱ्या ड्रायव्हरचे नाव शेरा रकान्यात उतरवावे. बदली होऊन येणाऱ्या पुढील शिक्षकास पेटी उघडल्यावाचून ते तेथे मिळेल.