पदवी, नोंदणी आणि उमेदवारी

स्वागताध्यक्षाने यजमान कोल्हापूर नगरीचे गुणगान करावे असा संकेत असला, तरी अंबाबाईचे मंदिर, रंकाळा आणि तांबडा-पांढरा रस्सा यांची ओळख करून देण्याची गरज पाहुण्यांना उरलेली नाही. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांसाठी भरवण्यात आलेल्या या परिषदेच्या विषयाशी नाते असलेली एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. येथील नवा राजवाडा ज्यांच्या आराखड्यावर उभा राहिला ते मेजर चार्ल्स मँट ब्रिटिश सैन्याच्या अभियंता दलातील अधिकारी होते, आणि त्या काळात या देशात वास्तुविशारदांची कायदेशीर नोंदवही अस्तित्वातच नव्हती. ज्याला काम येते आणि ज्याच्यावर काम सोपवणाऱ्याचा विश्वास बसतो तो वास्तुविशारद, एवढीच त्या काळची व्याख्या होती, आणि स्वातंत्र्यानंतरही पंचवीस वर्षे ती बदलली नाही.

संसदेने १९७२ मध्ये वास्तुविशारद अधिनियम संमत केला, त्यानुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर ही वैधानिक संस्था स्थापन झाली आणि मान्यताप्राप्त पदवी धारण करणाऱ्याचे नाव नोंदवहीत दाखल करण्याची पद्धत सुरू झाली. या पद्धतीचे एक वैशिष्ट्य असे की, पाच वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला पदवीधर अर्ज व शुल्क भरून नोंदणी मिळवू शकतो; पदवी आणि नोंदणी यांच्यामध्ये ना स्वतंत्र परीक्षा आहे, ना पदवीनंतरच्या अनुभवाची सक्ती. वकिलीत पदार्पण करणाऱ्याला बार कौन्सिलची परीक्षा आहे, सनदी लेखापालाला काही वर्षांची आर्टिकलशिप आहे. वास्तुविशारदाला मात्र पदवीदान समारंभानंतर थोड्याच दिवसांत इमारतीच्या नकाशावर जबाबदार व्यक्ती म्हणून सही करता येते.

या नोंदणीमुळे नेमके कशाचे संरक्षण होते, हेही विद्यार्थ्यांनी समजून घेतले पाहिजे. अधिनियमाच्या कलम ३७ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये असा निर्णय दिला की, हे कलम ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी नोंदणी नसलेल्यांना वापरू देत नाही, परंतु इमारतींचे आराखडे करण्याचे काम केवळ नोंदणीकृत वास्तुविशारदांसाठी राखून ठेवत नाही. म्हणजे कायद्याने दिलेले कवच नावापुरते आहे, कामाला ते नाही. या निर्णयाने व्यवसायात नाराजी पसरली आणि ती समजण्यासारखी आहे. तथापि उपाधीचे मोल आता तिच्यामागच्या सिद्धतेवरच ठरणार असल्याने विद्यार्थ्यांच्या तयारीचा प्रश्न त्यामुळे अधिकच निकडीचा झाला आहे, हे मान्य करावे लागते.

ही तयारी कोठे कमी पडते, ते याच शहराच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांत पंचगंगेच्या महापुराने कोल्हापूरच्या मोठ्या भागात पाणी शिरले. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो: साधारणतः पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. नदीपात्र आणि निळी रेषा यांच्यामधील पट्टा बांधकामास जवळजवळ पूर्णपणे निषिद्ध असून निळ्या व लाल रेषेमधील पट्ट्यात जोत्याच्या उंचीसारख्या अटी पाळूनच बांधकाम करता येते. मुंबई आणि अन्य काही क्षेत्रे वगळता राज्यभर लागू असलेल्या, डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत या तरतुदी आहेत. पाचव्या वर्षाच्या प्रबंधासाठी विमानतळ किंवा संग्रहालय देखणेपणाने उभे करणाऱ्या विद्यार्थ्यापुढे नदीकाठच्या चार गुंठ्यांची मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा आणि झोन दाखला ठेवला, तर सामासिक अंतरे, म्हणजे इमारतीभोवती मोकळी सोडावयाची जागा, वजा करून तेथे किती चटई क्षेत्र मिळते आणि जोते कोणत्या पातळीवर ठेवावे लागते, हे त्याला सांगता येईलच असे नाही. दोष विद्यार्थ्याच्या बुद्धीचा नाही, कारण परीक्षकांच्या जुरीत हा प्रश्न त्याला सहसा विचारलाच जात नाही.

साइटवरील परिस्थिती याहून बोलकी असते. स्लॅब ओतण्याच्या आदल्या संध्याकाळी सेंटरिंगवर उभे राहून न्हाणीघराचा खोलगट भाग नकाशाप्रमाणे खाली घेतला आहे का, सळ्यांखाली कव्हर ब्लॉक बसवले आहेत का, विजेच्या नळ्या तुळईतून चुकीच्या जागी तर गेल्या नाहीत ना, एवढे पाहायला अर्धा तास पुरतो. तो अर्धा तास कोणी दिला नाही, तर पुढची कित्येक वर्षे त्या घराचे छत गळते. लोखंडाची तपासणी संरचना अभियंत्याची, हे खरे असले, तरी नकाशा आणि प्रत्यक्ष काम यांचा मेळ घालणारी नजर वास्तुविशारदाचीच असावी लागते. महारेराच्या व्यवस्थेत या नजरेला कागदावरही वजन आले आहे: ग्राहकांकडून जमा होणाऱ्या रकमेपैकी सत्तर टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते आणि ती काढण्यासाठी अभियंता व सनदी लेखापाल यांच्याबरोबर वास्तुविशारदाचेही, काम किती झाले याचे, प्रमाणपत्र लागते. त्या प्रमाणपत्रावर सही करणारा हात शिकाऊ असून चालत नाही.

अभ्यासक्रमात एका सत्राचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण आहेच, परंतु त्याचा बराचसा काळ संगणकावर आकर्षक त्रिमितीय दृश्ये करण्यात जातो आणि शेवटी कार्यालयाच्या लेटरहेडवर चार ओळींचा दाखला मिळतो. विद्यावेतनाबाबतही मौनच असते. बाळकृष्ण दोशी यांनी पॅरिसमध्ये ल कॉर्बुझिए यांच्या कार्यालयात सुरुवातीचे काही महिने बिनपगारी काम केले, हा दाखला अशा वेळी हमखास पुढे केला जातो. मात्र तो देणाऱ्या प्रत्येक कार्यालयात एक ल कॉर्बुझिए बसलेला असतो, असे अनुभवास येत नाही.

अमेरिकेची पद्धत येथे विचारात घेण्यासारखी आहे. तेथे परवान्यासाठी पदवीबरोबर सहा विभागांची परीक्षा द्यावी लागते आणि सहा शीर्षांखाली एकूण ३,७४० तासांचा अनुभव नोंदवावा लागतो. त्यांपैकी सर्वाधिक, १,५२० तास प्रकल्पाचे तपशीलवार नकाशे व दस्तऐवज तयार करण्यासाठी आहेत, तर बांधकामावरील देखरेख आणि मूल्यमापन यांसाठी ३६०. झालेले काम आठ महिन्यांच्या आत नोंदवले नाही तर त्याचे पूर्ण मूल्य मिळत नाही, त्यामुळे उमेदवार आणि त्याचा पर्यवेक्षक दोघांनाही आळस परवडत नाही. उच्च शिक्षणासाठी तेथे जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनाही परवाना हवा असेल तर याच वाटेने जावे लागते. भारतातही नोंदणीपूर्व परीक्षा असावी, अशी मागणी अधूनमधून होते. स्वागत समितीचे मत असे की, अनुभवाची शिस्त नसताना आणलेली परीक्षा शिकवणीवर्गांचे भले करील, इमारतींचे नाही. आधी उमेदवारीची नोंदवही यावी, परीक्षेचा विचार नंतर व्हावा. वारसा संवर्धन, नगररचना विभागातील पदे, बांधकाम व्यवस्थापन अशा अन्य वाटांनी जाणाऱ्यांनाही ही नोंदवही उपयोगीच पडेल.

इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स या नावाने १९२९ पासून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेची सुरुवात १९१७ मध्ये मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतील वास्तुकलेच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघटनेतून झाली होती. त्यामुळे उमेदवारीच्या नोंदवहीचा मसुदा वरून येण्याची वाट न पाहता विद्यार्थ्यांनी तो स्वतः मांडावा, यात परंपरेला सोडून काही नाही. उपस्थित कार्यालयप्रमुखांना स्वागत समितीची विनंती आहे की, या वर्षी येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला किमान एक बांधकाम परवानगीची फाईल आरंभापासून हाताळू द्यावी, किमान एका स्लॅबच्या तपासणीला बरोबर न्यावे, त्याच्या नोंदवहीवर दर आठवड्याला सही करावी आणि विद्यावेतनाचा आकडा प्रशिक्षण सुरू होण्यापूर्वीच त्याला लेखी कळवावा.