शेपटी गळत नाही, जिरते



बसा माउली, बसा. पाऊस उघडला, पण बेडकं काही थांबत नाहीत. आपल्या टाळ-मृदंगाच्या वर त्यांचा आवाज चाललाय. हसू नका! ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातलं १०३ वं सूक्त बेडकांचं आहे. वर्षभर व्रत धरून बसलेले ब्राह्मण जसे पाठ म्हणतात, तसे पाऊस पडताच हे बोलू लागतात, असं वसिष्ठ ऋषी सांगतात. आपल्या पैनगंगेकाठी तेच. उन्हाळाभर मातीत दडायचं अन् मृगाचं पाणी साचलं की वर यायचं.

मादी डबक्यात अंडी घालते. साबुदाण्याच्या खिरीसारखी बुळबुळीत, मधे काळा ठिपका. थोड्या दिवसांत पिल्लू निघतं. पाय आहेत? नाहीत. कल्ल्यांनी श्वास घेतं, शेवाळ खातं, शेपटीनं पोहतं. पाहणारा म्हणतो, हा मासाच! मग मागचे पाय फुटतात, नंतर पुढचे. आत फुप्फुसं तयार होतात. लांबलचक आतडं आखूड होतं, कारण पुढं किडे खायचेत.

आणि शेपटी? पोरं म्हणतात, गळून पडली. नाही माउली! त्या दिवसांत तोंड बदलत असतं, खाता येत नाही. तेव्हा शेपटीच अंगात जिरते. जिच्या जोरावर पोहला, तीच त्याची शिदोरी होते.

हे मला माझ्या गुरूंनी दाखवलं. वय माझं वीस. घरी म्हातारी आई, पेरणी तोंडावर आलेली. कुणाला न सांगता आळंदीला निघून गेलो. वाटलं, प्रपंच तोडला, झालो विरक्त! महिन्यानं गुरूंनी विचारलं, "पेरणी कोणी केली रे?" मी गप्प. मग डबक्याशी नेलं, बेडकाची पिल्लं दाखवली. म्हणाले, "यानं जिरवली. तू तोडून आलास. जा, आईकडं जा."

आलो. पेरणीची वेळ गेली होती, अर्धं रान पडीक. आई एक शब्द बोलली नाही. भाकर वाढली. ते पडीक रान आजही डोळ्यांपुढून हलत नाही.

म्हणून सांगतो, वैराग्य म्हणजे तोडणं नव्हे, जिरवणं. लेकरावरची माया शेजारच्या उपाशी लेकरापर्यंत न्या. अंगातला राग कष्टात, सेवेत जिरवा. घर सोडून देव भेटत नाही हो. बेडूक सुद्धा जमिनीवर आला तरी अंडी घालायला पाण्यातच परततो.

उद्या रानात जाल तेव्हा डबक्याशी दोन घटका थांबा. फवारणीचा पंप त्यात धुऊ नका. कुणाची तरी शेपटी जिरायची आहे अजून. आपलीही.

म्हणा, विठ्ठल विठ्ठल!