ताळा



आठवीच्या सहामाहीत गणिताच्या बाईंनी माझा अर्धा मार्क कापला होता. उत्तर बरोबर होतं, पण मी ताळा केला नव्हता. त्यावरून मी घरी जाईपर्यंत, रामदासपेठेच्या अख्ख्या रस्त्याने, मैत्रिणींचं डोकं खाल्लं. आज त्याबद्दल बोलायचं आहे.

आधी एक गुणाकार. ११ चा वर्ग १२१. १११ चा १२३२१. आता ओळीने नऊ वेळा १ लिहा आणि वर्ग करा. उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक, उलटे वाचले तरी तेच. कागदावर मांडलं की कारण दिसतं : नऊ ओळी, प्रत्येक एकेक घर डावीकडे सरकलेली. मधल्या रकान्यात नऊ एक, दोन्हीकडे एकेक कमी. हातचा कुठेच नाही. दहा वेळा १ घेतला की मध्ये दहा येतात आणि जिना मोडतो.

अशा संख्यांना 'डेम्लो' हे नाव देवळालीच्या शाळेतले शिक्षक द. रा. कापरेकर यांनी जी.आय.पी. रेल्वेच्या एका स्टेशनावरून दिलं. ६१७४ वाले कापरेकर ते हेच. १९३० ते १९६२ ते शाळेत शिकवत होते. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येला त्यांनी 'हर्षद' म्हटलं. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१, आणि तिला ८१ ने भागलं की बाकी शून्य.

आता हाच गुणाकार जावास्क्रिप्टमध्ये करा. उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२०. शेवटचा एक गेला! तिथली साधी संख्या ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतच प्रत्येक पूर्णांक अचूक ठेवते. त्यापुढे आधी विषम संख्या गळतात. मशीन तक्रार करत नाही, चुकीचं उत्तर ऐटीत देतं.

नोकरीच्या सुरुवातीला मी हेच भोगलं. माझ्या प्रोग्रॅममध्ये सतरा अंकी अर्ज क्रमांक होते आणि चाचणी मी छोट्या क्रमांकांवर केली होती. दोन माणसांचे अर्ज एकाच क्रमांकावर बसले. एकाचं काम कित्येक दिवस अडलं. तो माणूस खेटे घालत होता, आणि मी 'कॉम्प्युटर चुकत नाही' म्हणत होते.

बाईंचा ताळा केला असता तर? १ ला १ ने गुणून शेवटी शून्य येईलच कसं? शिवाय मूळ संख्येच्या अंकांची बेरीज ९, म्हणजे उत्तराला ९ ने भाग जायलाच हवा. मशीनच्या उत्तराची बेरीज ८०. भाग जात नाही. दोन मिनिटांचं काम.

तेव्हापासून नव्या मुलांचा प्रोग्रॅम तपासताना मी पहिला प्रश्न हाच विचारते : ताळा कुठे आहे? ती माझ्यावर वैतागतात. वैतागू देत.

बाई, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात म्हणून सगळ्यांदेखत सांगते. तो अर्धा मार्क तुम्ही बरोबर कापला होता.