आज कोणाकडे?

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



कमिटीने मला माझ्या कामाबद्दल बोलायला सांगितलं, तेव्हा मीच विचारलं, "आनंदाच्या कार्यक्रमात हा विषय?" सेक्रेटरी म्हणाले, "ताई, पंचवीस वर्षांत इथे बारशी झाली, लग्नं झाली, तसं हेही झालंच की." म्हणून उभी आहे.

सकाळी कापडी पिशवी घेऊन मी लिफ्टमध्ये शिरले की शेजारी हळूच विचारतात, "आज कोणाकडे?" पूर्वी हीच मंडळी मला एफडीचे व्याजदर विचारायची!

बँकेत सव्वीस वर्षं काढल्यावर मी नोकरी सोडली. कारण वडिलांचं शेवटचं कार्य. गुरुजींना पुढे जायची घाई होती. सगळं वीस मिनिटांत उरकलं. एका मंत्राचा अर्थ विचारला, तर "आत्ता नको" म्हणाले. आईला तर कोणी जिन्याखालीही येऊ दिलं नाही. ते मनातून जाईना.

पुण्यात स्त्रियांनी पौरोहित्य करणं नवीन नाही. शंकरराव थत्ते यांनी १९७०च्या दशकातच स्त्रियांना शिकवायला सुरुवात केली. पुढे ज्ञान प्रबोधिनीतही हे शिक्षण सुरू झालं, तेही जात न पाहता. मीही शिकले. वयाच्या पन्नाशीला संस्कृतचे उच्चार घोटताना जीभ वळत नव्हती, पण अर्थ कळत गेला. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात अंत्येष्टीची सूक्तं आहेत. माणसातलं जे सूर्याचं, वाऱ्याचं, पाण्याचं, ते त्यांच्याकडे परत जावं, अशी प्रार्थना त्यात आहे. हे मराठीत सांगितलं की रडणारी माणसंही क्षणभर शांत होऊन ऐकतात.

घरात मात्र सासूबाईंचा विरोध होता. "सवाष्णीने स्मशानात जायचं?" म्हणून चार महिने माझ्याशी धड बोलल्या नाहीत. मग सी विंगमधल्या काकू गेल्या. दोघी मुलीच, त्यातली मोठी परदेशात. मडकं कोण धरणार, यावर खाली कुजबुज सुरू झाली. मी धाकटीला एवढंच विचारलं, "तुला करायचंय का?" ती "हो" म्हणाली. मोठीने फोनवरून सगळं पाहिलं. त्या रात्री सासूबाईंनी पहिल्यांदा विचारलं, "काय काय सांगितलंस गं त्यांना?" मी पोथी काढून वाचून दाखवली. ऐकून म्हणाल्या, "माझंही तूच कर. घाई करू नकोस."

गेल्या वर्षी ती वेळ आली. इतक्या घरांत न अडखळलेली मी दुसऱ्याच मंत्राला थांबले. आवाजच फुटेना. ह्यांनी माझ्या हातातून पोथी घेतली आणि पुढचा अर्थ मराठीतून वाचला, अडखळत, पण सगळा. आईला निरोप मुलानेच दिला. तेव्हा मला माझं काम कळलं. घरच्यांना स्वतः निरोप देता यावा, एवढ्यासाठी मी तिथे असते.

जाता जाता दोन-तीन गोष्टी सांगते. घरी मृत्यू झाला तर आधी डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला घ्या, त्याशिवाय पुढचं काही हलत नाही. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करा. नेत्रदान करायचं असेल तर सहा तासांच्या आत, म्हणून नेत्रपेढीला लगेच फोन करा. डॉक्टर, शववाहिका, नेत्रपेढी यांचे नंबर कमिटीने ऑफिसच्या फळ्यावर लावावेत, ही माझी विनंती.

आणि आपल्याला काय हवं, काय नको, ते घरच्यांना आधीच सांगून ठेवा. आज घरी जाऊन जेवताना सांगितलंत तरी चालेल. जेवण गोड आहे, विषय पचेल!