जिच्या घरचा चहा, तिचीच बचत
(बुधवार पेठ, पुणे येथील अभ्यासभेटीत महिलांसमोर केलेले भाषण)



गटाची पंचसूत्री तुम्हाला तोंडपाठ आहे : नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे. आज मी त्यात नसलेल्या एका गोष्टीबद्दल बोलणार आहे. ती म्हणजे एकत्र बसून खाणंपिणं.

आपण जमलोय त्या बुधवार पेठेत, भिडे वाड्यात, १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. त्याआधी जोतिरावांनी अहमदनगरला मिस फरार या मिशनरी बाईंची मुलींची शाळा पाहिली होती. या ख्रिस्ती लोकांत शिकवणं आणि सोबत जेवणं ही जोडी पहिल्यापासूनची आहे.

येशूच्या मागे यरुशलेमात त्याच्या अनुयायांचा पहिला समूह जमला. ते शिकवण ऐकायचे, प्रार्थना करायचे, घरोघरी एकत्र जेवायचे. ज्याच्याकडे जास्त असेल तो विकून गरजवंताला द्यायचा. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात हे लिहिलंय.

पण तिथंही कुरबूर झालीच. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवा सुटून जायच्या. तक्रार आली तेव्हा पुढाऱ्यांनी कुणाला गप्प बसवलं नाही. सगळ्यांची बैठक बोलावली आणि वाटपासाठी सात माणसं निवडायला सांगितली. त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची माणसं उपाशी राहत होती, बहुधा त्यांच्याच हातात वाढायचा डाव दिला!

करिंथ शहरात तर काही जण आधीच पोटभर जेवून घ्यायचे आणि गरीब तसेच राहायचे. पौलाने पत्र लिहून त्यांना खडसावलं, एकमेकांसाठी थांबा म्हणून.

आपल्याकडे हे सोपं नव्हतं. इथून जवळच पंचहौद मिशनमध्ये १८९० साली पुण्यातली मोठमोठी मंडळी व्याख्यानाला गेली. तिथं चहा दिला गेला. त्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. त्यात टिळक आणि रानडेसुद्धा होते. एका कप चहासाठी प्रायश्चित्ताची वेळ आली.

आता आपल्याकडे बघा. बैठकीला आपण एका सतरंजीवर बसतो. पण हळदीकुंकवाला विधवा ताईला बोलावतो का? मजुरीवरून उशिरा येणाऱ्या ताईसाठी थांबतो का? दुसऱ्या जातीच्या ताईकडे बैठक असली की किती जणींना अचानक उपवास असतो? जिच्या घरचा चहा चालत नाही, तिची बचत मात्र आपल्याला चालते. मग अडचणीत ती आपल्यापुढे कर्जासाठी तोंड कसं उघडणार?

म्हणून माझं तीन गोष्टींचं मागणं आहे. बैठक पाळीपाळीने प्रत्येकीच्या घरी घ्या आणि तिथला चहा सगळ्यांनी प्या. जी नेहमी मागे राहते, तिला खरेदीच्या आणि वाटपाच्या कामात पुढे करा. आणि दर बैठकीत पंधरा मिनिटं शिकण्यासाठी ठेवा. जिला वाचता येतं तिने दुसरीला पासबुक वाचायला शिकवावं.

पुढच्या बैठकीत हे ठरावाच्या वहीत लिहा, आणि पहिली बैठक जिच्या घरी आजवर कधीच झाली नाही, तिच्याकडे घ्या.